तापली की बंद पडणारी एटीव्ही: गार होण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या बाजूला शेत, तिथंच पाहुण्यांसाठी दोन-तीन खोल्या, आणि त्या कामाला जुनी घेतलेली १५० सीसीची चिनी बनावटीची एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर फिरवायची चारचाकी बाईक. सकाळी पहिल्या बटणाला चालू होते. वीस-पंचवीस मिनिटं काजूच्या बागेत, चढावर फिरवली की फडफड न करता एकदम बंद. सावलीत पंधरा-वीस मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. पावसाळ्यात हा त्रास नव्हता. प्लग बदलून झाला, कार्बोरेटर दोनदा साफ करून झाला, आणि आता एक मेस्त्री म्हणतोय की बोअर-पिस्टन करून टाकूया. करावं का?

करू नका. बोअर-पिस्टन गेलेलं इंजिन थंड असतानाही आपली कथा सांगतंच. निळसर धूर, ऑइल खाणं, पहिल्या चढालाच दम टाकणं. तुमची गाडी सकाळी ठणठणीत आहे. नुकतंच बोअर केलेल्या इंजिनात पिस्टनला फट कमी राहिली तर ते तापून जाम होतं हे खरं, पण तेव्हा बटण दाबल्यावर सेल्फ फिरतच नाही. तुमच्याकडे सेल्फ फिरतो, इंजिन फिरतं, फक्त पेटत नाही. त्यामुळे तो खर्च आत्ता खिशातच ठेवा.

या दुखण्यातली खरी अडचण वेगळीच आहे. या गाडीला पासिंग नाही, म्हणून ती पिकअपमध्ये घालून बेळगावला आणावी लागते. उद्यमबागेच्या बाजूच्या कुठल्या गॅरेजपर्यंत येईस्तोवर इंजिन गार झालेलं असतं. मेस्त्री बटण दाबतो, गाडी चालू. एक फेरी मारतो, काही नाही. मग तो अंदाजानं एक पार्ट बदलतो, तुम्ही पैसे देऊन परत जाता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चढावर गाडी पुन्हा उभी. रोग फक्त गरम असताना हजर असतो, म्हणून तपासणीही गाडी जिथं बंद पडते तिथंच, पहिल्या दोन-तीन मिनिटांत व्हायला हवी. त्यानंतर केलेलं सगळं अंदाजपंचे.

म्हणून पुढच्या वेळी निघताना सीटखाली एवढं सामान ठेवा: एक चालू प्लग, दोन्ही टोकांना क्लिप असलेली हातभर वायर, एक स्क्रू-ड्रायव्हर, काचेची छोटी बाटली आणि जमलं तर साधा मल्टिमीटर. प्लग उघडायचा पाना मुद्दाम सांगत नाही. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढायला गेलात तर प्लगबरोबर आटेही बाहेर येतात, आणि मग पिस्टनपेक्षा मोठं काम गळ्यात पडतं. गरम इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्या.

गाडी बंद पडली की आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण हळूच सैल करा आणि कान द्या. आत हवा ओढल्याचा सुस्स आवाज आला आणि झाकण सैल ठेवून गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवा घ्यायचं भोक बुजलंय. खानापूर तालुक्यातली तांबडी माती त्या बारीक भोकात एकदा बसून वाळली की विटेसारखी होते. गंमत म्हणजे या दोषाचा उष्णतेशी काडीचाही संबंध नाही. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत ओढ तयार होते, काही वेळानं पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी उभी केली की हवा कुठून तरी आत झिरपते आणि पंधरा मिनिटांनी सगळं सुरळीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं इंजिन गार झालं म्हणून चालू झाली. ओळखायची खूण सोपी: टाकी फुल्ल असताना गाडी लवकर बंद पडते आणि अर्धी असताना उशिरा, कारण भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी आणि ओढ लवकर बसते.

झाकणानं फरक पडला नाही तर लगेच स्पार्क बघा. प्लगची टोपी काढा, सोबतचा प्लग तिच्यात खोचा, आणि त्या प्लगच्या लोखंडी अंगाला क्लिपची वायर लावून दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट पकडवा. रंगाला नको, चिखलाला नको. प्लग कार्बोरेटरपासून लांब धरा, टाकीचं झाकण परत लावलंय याची खात्री करा, मगच बटण दाबा. प्लगला असं अर्थिंग न देता नुसतंच इंजिन फिरवू नका. स्पार्कला जायला वाट मिळाली नाही की कॉईल आणि सीडीआय (स्पार्क कधी द्यायचा ते ठरवणारा डबा) दोन्हींवर ताण येतो. निळा, टचटच आवाज करणारा स्पार्क म्हणजे वीज ठीक. पिवळसर, मरतुकडा किंवा काहीच नाही म्हणजे चोर सापडला. घरून निघायच्या आधी थंड गाडीवर हाच स्पार्क एकदा बघून ठेवा, नाहीतर बरोबर काय आणि चूक काय ते उन्हात उभं राहून ठरवता येत नाही.

पेट्रोल शेवटी बघायचं, कारण स्पार्क बघताना आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरला, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीला, खालून एक ड्रेन स्क्रू असतो. बाटली खाली धरा आणि तो सैल करा. पेट्रोलची धार लागली आणि काही सेकंद तशीच टिकली तर कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत वाट मोकळी आहे. दोन थेंब पडून बंद झालं तर पेट्रोल पोचत नाही. ज्या कॉकला व्हॅक्यूमची नळी असते त्यातून इंजिन फिरत असतानाच पेट्रोल येतं, तेव्हा कुणाला तरी बटण दाबायला सांगा. सायलेन्सर तापलेला असतो, त्याच्यावर एक थेंबही जाऊ देऊ नका.

बस. या तीन गोष्टींना मिळून तीन मिनिटंही लागत नाहीत, आणि त्यानंतर मेस्त्रीशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असतं.

आता तुमच्या वर्णनावरून माझा कल कुठं आहे ते सांगतो. इंधनाचं दुखणं असलं की गाडी आधी अडखळते, चोक ओढला तर थोडी सावरते, दोन-चार ठसके देते आणि मग मरते. तुमची एकदम बंद होते, चावी फिरवल्यासारखी. हे विजेचं लक्षण. आणि तापल्यावर विजेनं दगा द्यायचा तर पहिला संशय पल्सर कॉईलवर, ज्याला गॅरेजमध्ये पिकअप कॉईलही म्हणतात. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं ते गुंडाळं मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकांच्या चाकाच्या) बाजूला, इंजिनच्या कुशीत बसलेलं असतं. तार आत कुठं तरी तुटायला आली की थंड असताना टोकं एकमेकांना टेकलेली राहतात. तापली की सगळं प्रसरण पावतं, टोकं सुटतात, सीडीआयला इशारा मिळत नाही, स्पार्क गेला. गार झालं की टोकं पुन्हा टेकली. पावसाळ्यात त्रास का नव्हता याचं उत्तरही इथंच आहे: जांबोटी-कणकुंबीच्या पावसात इंजिनच्या बाहेरच्या अंगाला तेवढं तापायची संधीच मिळत नाही.

हे मीटरनं पकडता येतं. पल्सरच्या दोन तारा, किंवा एकच तार असेल तर ती आणि इंजिनचा धातू, यांच्यामधला ओहम थंड असताना मोजून लिहून ठेवा. या जातीच्या इंजिनांत तो साधारण शंभर ते दोनशेच्या दरम्यान मिळतो. तुमच्या गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा खरा धरा. मग गाडी बंद पडल्याबरोबर पुन्हा मोजा. आकडा थोडा वाढला म्हणून घाबरू नका. तांब्याचा विरोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतोच, म्हणजे ७० अंशांनी तापलेली कॉईल १२० ओहमच्या जागी १५३-५४ दाखवणार आणि ती चांगलीच आहे. अनेकजण एवढ्यावरच कॉईल फेकून देतात. दोषी कॉईलचा काटा उडतो, आकडा हजारांत जातो किंवा मीटर उघडं सर्किट दाखवतं. शेतात नाही जमलं तर घरी केस वाळवायच्या ड्रायरनं पल्सरच्या बाजूचं आवरण तापवा, मीटर लावूनच ठेवा, आणि तारा जरा हलवत राहा. बायकोचा ड्रायर ऑइलच्या हातानं घेऊ नका, एवढं मात्र लक्षात ठेवा.

पण पल्सर आणायला पळायच्या आधी किल स्विचचा निकाल लावा, कारण तो फुकटात लागतो. पाहुण्यांसाठीच्या या गाड्यांना बंद करायच्या जागा फार असतात: हँडलवर लाल बटण, मागे ओढायची दोरी, कधी रिमोट, शिवाय चावी. बहुतेक चिनी गाड्यांत हे सगळे एकाच तारेवर येतात, ती बहुधा काळी-पांढरी असते, आणि ती तार गाडीच्या फ्रेमला टेकली की स्पार्क बंद. हीच तार कुठं सायलेन्सरजवळून गेली असेल आणि उष्णतेनं तिचं प्लास्टिक मऊ पडून आतलं तांबं फ्रेमला टेकत असेल, तर गाडी तापली की बंद आणि गार झाली की चालू, अगदी पल्सरसारखंच. स्पार्क नसताना सीडीआयजवळ ही एकच तार काढा आणि पुन्हा बघा. स्पार्क आला तर दोष स्विच-वायरिंगमध्ये. मात्र तार काढल्यावर बटणानं गाडी बंद होणार नाही, म्हणून न्यूट्रलमध्ये, मागची चाकं उचलूनच हे करा, आणि तपासणी झाली की तार परत जागेवर. पाहुण्यांच्या गाडीचं किल स्विच काढून ठेवणं हा गुन्हाच समजा.

बाकीच्या विजेच्या गोष्टी पटकन. मॅग्नेटकडून येणाऱ्या कनेक्टरचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलंय का बघा. पडलं असेल तर आतली पिन तापतेय. इग्निशन कॉईलवर ओलं फडकं ठेवून गाडी लगेच चालू होत असेल तर कॉईल. सीडीआय मीटरनं तपासता येत नाही, दुसऱ्या चालू गाडीचा तसाच लावून बघणं हाच मार्ग. म्हणून तो सगळ्यात शेवटी. आपल्याकडे उलटं होतं. सीडीआय दोन बोल्टवर निघतो म्हणून आधी तोच बदलतात.

समजा गरम गाडीला स्पार्क खणखणीत आहे पण चेंबर कोरडं. मग पेट्रोलच्या नळीचा रस्ता बोटानं चाचपत जा. कुणी तरी बाहेरून लावलेला फिल्टर सिलिंडरच्या अंगाला टेकलेला असतो, नाहीतर सायलेन्सरवरचा पत्रा काढून फेकलेला असतो, आणि नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल, त्याचं कौतुकही करू, पण ते ७८ अंशाला उकळतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. नळी आतून फुगते, बाहेरून छान दिसते, आतली वाट सुईएवढी राहते. कार्बोरेटरच्या गाडीला स्वतःहून मिश्रण सुधारता येत नाही, त्यामुळे त्याच जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) या पेट्रोलचं मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं आणि इंजिन जरा जास्त तापतं. नळी इथेनॉलला चालणारी घ्या, मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा, आणि जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि चेंबर दोन्ही रिकामी करा. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. बाटलीत काढलेलं पेट्रोल दहा मिनिटं स्थिर ठेवलं आणि तळाला वेगळा थर दिसला तर टाकी धुवावीच लागेल.

चेंबर भरलेलं आणि गाडी बंद पडताना प्लग काळा, पेट्रोलचा वास, काळा धूर, असं असेल तर उलटं दुखणं. या १५० सीसीच्या कार्बोरेटरवर पितळी-काळी अंगठ्याएवढी एक वस्तू दोन तारांसह बसलेली असते, ती ऑटो चोक. तिला वीज मिळाली की आतलं मेण तापून फुगतं आणि पिन पुढे सरकून जास्तीच्या पेट्रोलची वाट बंद करते. तार तुटली की वाट उघडीच राहते. सकाळी गाडी लाडानं चालू होते, तापल्यावर गुदमरते. चोक काढून १२ व्होल्ट द्या, पाच मिनिटांत अंग कोमट व्हायला हवं आणि पिन काही मिलिमीटर पुढे यायला हवी. कार्बोरेटर दोनदा साफ करणाऱ्यानं हिच्याकडे बघितलं का, विचारा.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक जुन्या एटीव्हीवर बघतोच, लक्षणं काहीही असोत: टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. आपल्या भागात टॅपेटचा आवाज कुणाला खपत नाही. गिऱ्हाईक म्हणतं आवाज येतोय, मेस्त्री घट्ट करून देतो, दोघंही खूश. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वापरात हळूहळू सीटमध्ये खोल बसत जातो, म्हणजे फट आपोआप कमीच होत असते. त्यात ती मुद्दाम कमी केली तर तापलेला व्हॉल्व्ह लांबतो आणि पूर्ण मिटत नाही. कम्प्रेशन गळतं. थंड गाडी उत्तम, गरम गाडीची रेस घसरत घसरत बंद, आणि स्पार्क-पेट्रोल दोन्ही असूनही चालू होत नाही. बटण दाबल्यावर सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुळसुळीत फिरतो, कान देऊन ऐकलंत तर कळेल. फट पूर्ण थंड इंजिनावर, रात्रभर उभ्या गाडीवर, मॅग्नेटवरची टी खूण जुळवून आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतानाच मोजायची. या इंजिनांना साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर. मी एक्झॉस्टला ०.१० ठेवतो आणि थोडी टिकटिक ऐकू आली तर येऊ देतो. कम्प्रेशन गेज असेल तर थंड आणि गरम दोन्ही वेळा लावा. एकट्या आकड्यापेक्षा दोन्हींमधला फरक जास्त बोलतो.

आणि गाडी मुळात इतकी का तापते, हेही बघायला हवं, कारण कमजोर पल्सर उघडा पडतो तो जास्तीच्या उष्णतेमुळे. पाहुण्यांना घेऊन एकामागे एक, दहाच्या वेगानं चढ चढणाऱ्या गाडीला वारा मिळतच नाही. या इंजिनाला मॅग्नेटवर प्लास्टिकचा पंखा आणि सिलिंडरभोवती आवरण असतं, ते हवा कोंडून सिलिंडरवरच्या धातूच्या फिनांच्या फटीतून फिरवायला. जुन्या गाड्यांत ते आवरण सापडत नाही, किंवा पंख्याचं एक पातं तुटलेलं, किंवा फटीत तांबडी माती भाजून बसलेली. पाणी मारून आधी भिजत ठेवा, मग ब्रशनं काढा. ऑइल जेमतेम लिटरभर बसतं, त्यातलं पावशेर कमी म्हणजे बरंच कमी. पाण्यावर थंड होणारी मोठी गाडी असेल तर रेडिएटरच्या जाळीला वॉशिंगचा जोरदार फवारा लावू नका, पाती आडवी होतात. पंखा, त्याचा फ्यूज आणि थर्मो स्विच बघा. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

मागची चाकं उचलून हातानं फिरवायलाही विसरू नका. मोकळी फिरली पाहिजेत. चिखलानं कॅलिपर जाम झालेला असतो किंवा पार्किंग ब्रेकची केबल ओढलेली राहते, आणि गाडी दिवसभर ब्रेक लावूनच चढ चढत असते. फेरीनंतर डिस्कजवळ हात नेला, टेकवू नका, तरी झळ लागते.

पल्सरच निघाला तर तो सुटा मिळतो, नाहीतर सगळ्या वाइंडिंगसकट घ्यावा लागतो. दुकानात जाताना जुना सोबत न्या. सहा, आठ आणि अकरा पोलच्या वाइंडिंग बाहेरून सारख्याच डब्यात येतात आणि कनेक्टरही वेगवेगळे असतात. मॅग्नेट काढायला पुलरच वापरायला सांगा. हातोडीनं ठोकून काढणारा दिसला तर गाडी तशीच परत घेऊन या, आतली चुंबकं सुटली की नवीन दुखणं सुरू होतं. बसवताना पल्सर आणि मॅग्नेटवरच्या उंचवट्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठेवा, स्क्रूला लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, तारा फिरत्या भागापासून दूर क्लिपमध्ये दाबा. मग पाहुणे बसवायच्या आधी एकट्यानं तासभर त्याच चढावर फिरवा, सोबतचा प्लग आणि वायर सीटखाली तशीच ठेवून. तरीही बंद पडलीच तर स्पार्क होता की नव्हता, चेंबरमध्ये धार आली की थेंब, आणि सेल्फ जड फिरला की हलका, ही तीनच उत्तरं लिहून आणा. गाडी आणायची घाई नाही.